चंदीगडची क्रिकेट परंपरा : देशप्रेम आझाद ते युवराजसिंग

क्रिकेट प्रशिक्षकांचा विषय निघाला की मराठी वाचकाला प्रथम आठवते ते दादरचे शिवाजी पार्क आणि रमाकांत आचरेकर. मात्र क्रीडा प्रशिक्षकांना दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार क्रिकेटमध्ये सर्वप्रथम मिळाला तो चंदीगडच्या देशप्रेम आझाद यांना, १९८६ मध्ये. आचरेकर यांना हा सन्मान १९९० मध्ये प्राप्त झाला. कपिलदेव यांचे गुरू एवढीच आझाद यांची ओळख देशभर राहिली. ती अपुरी आहे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एका वेगवान गोलंदाजाला केवळ एक कसोटी सामना खेळायला मिळाला. त्याने ती उणीव आपल्या मुलाला घडवून भरून काढली आणि त्या मुलाने निवृत्तीनंतर पुढच्या पिढीचे मार्गदर्शन हाती घेतले. आझाद, योगराजसिंग, युवराजसिंग आणि त्यानंतर शुभमन गिल व अभिषेक शर्मा अशी ही साखळी अर्धशतकाहून अधिक काळ पसरलेली आहे.

सेक्टरांचे शहर

स्वातंत्र्यानंतर नव्याने वसवलेल्या चंदीगडची आखणी वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी केली. शहर क्रमांकांच्या सेक्टरांमध्ये विभागले गेले आणि वस्तीलगत मोकळ्या जागा राखल्या गेल्या. मुंबईत गल्ली आणि मैदान यांनी जे केले, ते चंदीगडमध्ये सेक्टरांनी केले. एका सेक्टरचा संघ दुसऱ्या सेक्टरशी रविवारी सामना खेळू लागला. अशाच एका रविवारी सेक्टर १६ च्या संघाला एक खेळाडू कमी पडला आणि तेरा वर्षांच्या एका मुलाला मैदानात उतरवण्यात आले. तो मुलगा म्हणजे कपिलदेव. ही हकिकत कपिलदेव यांच्या चरित्राचा आता अविभाज्य भाग झाली आहे.

चंदीगडमधील डीएव्ही शाळेत शिकणारे कपिलदेव १९७१ मध्ये आझाद यांच्याकडे दाखल झाले. त्या काळी भारतात वेगवान गोलंदाजी शिकवावी, असे कोणाला फारसे वाटत नव्हते. भारताची भिस्त बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या फिरकी गोलंदाजांवर होती. नव्या चेंडूची चकाकी घालवण्यापुरती चार-दोन षटके एकनाथ सोलकर, प्रसंगी सुनील गावसकरही टाकत. उत्तरेकडील एका नव्या शहरातील प्रशिक्षकाने अशा काळात एका मुलाला धावत येऊन वेगाने चेंडू टाकण्याचे वळण लावले, हे आझाद यांचे खरे कर्तृत्व मानावे लागेल.

या प्रतिकूल वातावरणाची कल्पना मुंबईतील एका प्रसंगावरून येते. सत्तरच्या दशकात युवा खेळाडूंचे शिबिर ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरले होते. जेवणात मिळणाऱ्या दोन कोरड्या चपात्या आणि भाजीवर वेगवान गोलंदाजाचे भागत नाही, अशी तक्रार कपिलदेव यांनी केली. भारतात वेगवान गोलंदाज आहेतच कुठे, असे उत्तर त्यांना प्रशासक केकी तारापोर यांच्याकडून मिळाले. हा शेरा मनाला लागल्याचे आणि त्यातूनच जिद्द निर्माण झाल्याचे कपिलदेव यांनी पुढे अनेकदा सांगितले.

नोव्हेंबर १९७५ मध्ये हरियाणाकडून पहिलाच रणजी सामना खेळताना त्यांनी पंजाबचे ६ गडी ३९ धावांत बाद केले आणि पंजाबचा डाव ६३ धावांत आटोपला. ऑक्टोबर १९७८ मध्ये फैसलाबाद येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले. १९८३ चा विश्वचषक, टनब्रिज वेल्स येथील नाबाद १७५ धावा, फेब्रुवारी १९९४ मध्ये अहमदाबादेत रिचर्ड हॅडली यांचा ४३१ बळींचा विक्रम मोडणे आणि १३१ कसोटींअखेर ४३४ बळी व ५,२४८ धावा, हा पुढचा तपशील क्रिकेट रसिकांना तोंडपाठ आहे.

एक शहर, दोन राज्ये

चंदीगडचा खेळाडू हरियाणाकडून का खेळला, असा प्रश्न वाचकाला पडू शकतो. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना होऊन हरियाणा राज्य अस्तित्वात आले आणि चंदीगड हा केंद्रशासित प्रदेश दोन्ही राज्यांची राजधानी झाला. शहराला स्वतःचा रणजी संघ नव्हता. त्यामुळे एकाच मैदानावर सराव करणारी मुले पुढे हरियाणा किंवा पंजाब अशा दोन वाटांनी जात. कपिलदेव, चेतन शर्मा आणि अशोक मल्होत्रा ही आझाद यांच्या शिष्यांपैकी हरियाणाशी जोडली गेलेली ठळक नावे. युवराजसिंग मात्र पंजाबचे झाले.

यांपैकी चेतन शर्मा यांच्या वाट्याला प्रसिद्धी आणि उपेक्षा दोन्ही आल्या. अठराव्या वर्षी, १९८४ मध्ये लाहोर येथे कसोटी पदार्पण करताना पहिल्याच षटकात त्यांनी मोहसीन खानचा त्रिफळा उडवला. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात बर्मिंगहॅम कसोटीत त्यांनी १८८ धावांत १० बळी घेतले. इंग्लंडमध्ये एका कसोटीत दहा बळी घेणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी १८ एप्रिलला शारजा येथे त्यांच्या शेवटच्या चेंडूवर जावेद मियांदादने षटकार मारून पाकिस्तानला विजय मिळवून दिला होता आणि लोकांच्या स्मरणात राहिला तो हाच एक चेंडू. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरमध्ये न्यूझीलंडचे रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे लागोपाठच्या तीन चेंडूंवर त्रिफळे उडवून त्यांनी विश्वचषकातील पहिली हॅटट्रिक नोंदवली. तरीही शारजाचा उल्लेख त्यांचा पिच्छा सोडत नाही. दहा बळींच्या त्या कामगिरीला तर २०२५ पर्यंत कोणत्याही भारतीय गोलंदाजाला इंग्लंडमध्ये मागे टाकता आले नव्हते. आकाश दीपने त्याच बर्मिंगहॅमच्या मैदानावर १८७ धावांत १० बळी घेतले, म्हणजे एका धावेच्या फरकाने.

आझाद यांच्या शिष्यांनी मुंबईलाही एकदा मोठा धक्का दिला. मे १९९१ मध्ये वानखेडे स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना मुंबई आणि हरियाणा यांच्यात झाला. हरियाणाचे कर्णधार होते कपिलदेव आणि संघात चेतन शर्माही होते. शेवटच्या दिवशी मुंबईपुढे ३५५ धावांचे लक्ष्य होते. सचिन तेंडुलकरने ९६ धावा केल्या. दिलीप वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद होते. पायात गोळे आल्याने त्यांच्यासाठी लालचंद राजपूत धावत होते. मुंबईला तीन धावा हव्या असताना अखेरचा फलंदाज ॲबी कुरुविला धावचीत झाला आणि हरियाणाने दोन धावांनी प्रथमच करंडक जिंकला. त्यानंतर मैदानावरच अश्रू अनावर झालेल्या वेंगसरकरांचे चित्र मुंबईकर आजही विसरलेले नाहीत.

एका कसोटीचा खेळाडू

कपिलदेव यांच्याहून वयाने काही महिन्यांनी मोठे असलेले योगराजसिंग हेही आझाद यांच्याकडेच शिकले आणि तेही वेगवान गोलंदाजच होते. १९८०-८१ च्या मोसमात सुनील गावसकर यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघासोबत ते ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेले. फेब्रुवारी १९८१ मध्ये वेलिंग्टन येथे त्यांना कसोटी खेळण्याची संधी मिळाली. भारत हा सामना ६२ धावांनी हरला आणि योगराज यांना जॉन राइट हा एकमेव बळी मिळाला. एक कसोटी व सहा एकदिवसीय सामने एवढ्यावरच त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली. दुखापत हे त्याचे एक कारण होते. संघाबाहेर राहावे लागल्याची कटुता त्यांनी पुढील आयुष्यात जाहीरपणे आणि वारंवार बोलून दाखवली आहे.

क्रिकेट सुटल्यावर योगराज पंजाबी चित्रपटांकडे वळले आणि तेथे ते चांगले स्थिरावले. २०१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'भाग मिल्खा भाग' या हिंदी चित्रपटात त्यांनी प्रशिक्षकाचीच भूमिका केली. परंतु घरातली त्यांची खरी भूमिका त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. १२ डिसेंबर १९८१ रोजी, म्हणजे वेलिंग्टनच्या कसोटीनंतर दहा महिन्यांच्या आत, चंदीगडमध्ये युवराजचा जन्म झाला.

लहानपणी युवराजला क्रिकेटपेक्षा स्केटिंगची अधिक ओढ होती आणि त्यात तो केवळ हौशी नव्हता. चौदा वर्षांखालील गटात त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पदक घेऊन घरी परतलेल्या मुलाच्या हातून वडिलांनी ते काढून घेऊन फेकून दिले आणि यापुढे फक्त क्रिकेट, असे बजावले. युवराजने हा प्रसंग अनेक मुलाखतींमध्ये सांगितला आहे. घराच्या आवारात सिमेंटची खेळपट्टी तयार करण्यात आली. ओल्या टेनिस चेंडूंचा मारा, थंडीतही पहाटे धावणे आणि चूक झाल्यास कठोर बोलणी, अशा शिस्तीत त्याचे बालपण गेले. सिमेंटवर पडलेला ओला चेंडू घसरून अधिक वेगाने येतो, त्यामुळे फलंदाजाला निर्णयासाठी मिळणारा वेळ कमी होतो. पुढे युवराजच्या पुल आणि फ्लिकच्या फटक्यांत जी सहजता दिसली, तिचे मूळ या सरावात शोधता येते. मुलाने त्यासाठी मोजलेली किंमत मात्र धावफलकात दिसत नाही.

योगराज यांनी मुलाला पतियाळा येथे नवज्योतसिंग सिद्धू यांच्याकडे नेले असता, या मुलात क्रिकेटपटू होण्यासारखे काही दिसत नाही, असे मत त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. योगराज यांनी ते आव्हान म्हणून घेतले. काही काळ युवराज मुंबईत दिलीप वेंगसरकर यांच्या अकादमीतही शिकला. १९९१ मध्ये चंदीगडच्या खेळाडूंनी ज्यांना वानखेडेवर रडवले, त्याच वेंगसरकरांच्या देखरेखीखाली चार-पाच वर्षांनी चंदीगडचाच एक मुलगा घडत होता.

वडिलांच्या स्वप्नापलीकडे

युवराजची रणजी कारकीर्द ओडिशाविरुद्ध शून्यावर बाद होऊन सुरू झाली. त्याचे नाव देशभर झाले ते डिसेंबर १९९९ मध्ये जमशेदपूर येथे झालेल्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्याने. बिहारचा पहिला डाव ३५७ धावांवर संपला. त्यात महेंद्रसिंग धोनी नावाच्या यष्टिरक्षकाच्या ८४ धावा होत्या. उत्तरादाखल एकट्या युवराजने ३५८ धावा केल्या. प्रतिस्पर्ध्याच्या संपूर्ण संघापेक्षा एक धाव अधिक! पंजाबने ५ बाद ८३९ अशी मजल मारली.

त्यानंतरच्या वर्षी श्रीलंकेतील १९ वर्षांखालील विश्वचषकात तो स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत भारतीय संघात दाखल झाला. लॉर्ड्सवरील २००२ ची नॅटवेस्ट मालिकेची अंतिम लढत, १९ सप्टेंबर २००७ रोजी दरबान येथे स्टुअर्ट ब्रॉडच्या षटकात मारलेले सहा षटकार आणि २०११ च्या विश्वचषकातील ३६२ धावा व १५ बळी हे त्याच्या कारकिर्दीचे टप्पे सर्वपरिचित आहेत. विश्वचषक चालू असतानाच त्याला खोकल्याचा व श्वासाचा त्रास होत होता. छातीत कर्करोगाची गाठ असल्याचे नंतर निष्पन्न झाले. २०१२ मध्ये अमेरिकेत केमोथेरपीचे उपचार घेऊन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध पुन्हा मैदानात उतरला.

१० जून २०१९ रोजी मुंबईत त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा ३०४ एकदिवसीय सामन्यांत ८,७०१ धावा त्याच्या नावावर होत्या. कसोटी सामने मात्र केवळ ४० होते आणि ती खंत त्याच्या चाहत्यांना कायम राहिली. निवृत्तीच्या वेळी वडिलांविषयी तो जे बोलला, त्याकडे अनेकांचे लक्ष वेधले गेले. वडिलांची आपल्याला आयुष्यभर धास्ती वाटत आली, परंतु निवृत्तीपूर्वी काही दिवस त्यांच्याशी मनमोकळे बोलणे झाले आणि मनातील गाठ सुटली, असे त्याने सांगितले. १९८३ च्या विश्वविजेत्या संघात नसल्याचे शल्य वडिलांना होते, २०११ च्या विजयाने ते काहीसे कमी झाले असावे, असाही त्याचा सूर होता.

मुंबईतील परंपरेशी येथे तुलना करण्याचा मोह होतो. आचरेकर सरही कडक होते. दिवसातून दोन-दोन सामने खेळवण्यासाठी ते सचिनला स्कूटरवरून मैदानोमैदानी नेत आणि यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून त्याला बाद न होण्याचे आव्हान देत. पण संध्याकाळी सचिन घरी परतत असे. युवराजच्या बाबतीत मैदान आणि घर या दोन जागा वेगळ्या नव्हत्या.

मार्गदर्शकाच्या भूमिकेत युवराज

२०२० मध्ये कोरोनामुळे क्रिकेट ठप्प असताना युवराजने पंजाबच्या चार तरुण फलंदाजांना एकत्र केले. शुभमन गिल, अभिषेक शर्मा, प्रभसिमरनसिंग आणि अनमोलप्रीतसिंग यांचा सराव मोहाली येथे त्याच्या देखरेखीखाली झाला. फलंदाजीतील बारकाव्यांबरोबरच सामन्याचा विचार कसा करावा, यावर त्याचा भर असल्याचे या खेळाडूंनी वेळोवेळी सांगितले आहे. त्याचा स्वभाव वडिलांसारखा करडा नाही. तो चिडवतो, समाजमाध्यमांवर जाहीरपणे कानपिचक्या देतो आणि फोन करून बोलतही राहतो.

यातील दोघांच्या घरी मात्र पुन्हा तीच, वडील हेच पहिले प्रशिक्षक असल्याची कथा आहे. फाजिल्का जिल्ह्यातील शेतकरी लखविंदरसिंग गिल यांनी मुलाच्या क्रिकेटसाठी गाव सोडून मोहालीत स्टेडियमजवळ बिऱ्हाड केले. अमृतसरच्या अभिषेकला त्याचे वडील राजकुमार शर्मा यांनी घडवले. ते स्वतः क्रिकेटपटू होते. युवराज या दोघांच्याही आयुष्यात आला तो पाया घातला गेल्यानंतर, ही नोंद करणे आवश्यक आहे.

जुलै २०२४ मध्ये हरारे येथे अभिषेक आपल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय टी-२० सामन्यात शून्यावर बाद झाला. दुसऱ्याच दिवशी त्याने शतक ठोकले आणि तेही गिलकडून मागून घेतलेल्या बॅटने. २ फेब्रुवारी २०२५ रोजी वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध ५४ चेंडूंत १३५ धावा करताना त्याने १३ षटकार मारले. भारतातर्फे टी-२० मधील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येचा जो विक्रम त्याने मोडला, तो नाबाद १२६ धावांचा विक्रम गिलचाच होता. मे २०२५ मध्ये गिलची भारताच्या कसोटी कर्णधारपदी निवड झाली. जुलैमध्ये बर्मिंगहॅम येथे त्याने २६९ आणि १६१ धावा केल्या आणि भारताने त्या मैदानावर प्रथमच कसोटी जिंकली. चेतन शर्मा यांचा १९८६ मधील विक्रम मागे पडला तो याच सामन्यात.

पर्वरीतील शतक

योगराज यांनी चंदीगडमध्ये इतरांच्या मुलांनाही शिकवणे चालू ठेवले. २०२२ मध्ये जे. पी. अत्रे स्मृती स्पर्धेच्या निमित्ताने गोव्याचा संघ चंदीगडला आला असताना अर्जुन तेंडुलकरने सुमारे दोन आठवडे त्यांच्याकडे सराव केला. सचिन तेंडुलकरचा मुलगा आहेस हे विसरून खेळ, असा सल्ला आपण त्याला दिल्याचे योगराज यांनी नंतर सांगितले. डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यातील पर्वरी येथे राजस्थानविरुद्ध अर्जुनने रणजी पदार्पणातच १२० धावा केल्या. त्याच्या वडिलांनीही १९८८ मध्ये रणजी पदार्पणात शतक केले होते. साहजिकच वृत्तपत्रांनी योगराज यांना श्रेय दिले. पंधरवड्याच्या सरावाने शतक होत नसते आणि अर्जुनच्या मागे मुंबईतील अनेक वर्षांची मेहनत होती, हेही तितकेच खरे.

आझाद यांनी ही पुढची प्रकरणे पाहिली नाहीत. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या सेक्टर १६ च्या मैदानाशी त्यांच्या शिष्यांचे नाव जोडलेले आहे, तेथे एकच कसोटी सामना झाला. नोव्हेंबर १९९० मधील त्या सामन्यात डावखुरा फिरकी गोलंदाज वेंकटपती राजूने श्रीलंकेचे ६ गडी १२ धावांत बाद केले होते. वेगवान गोलंदाजांच्या शहरातील एकमेव कसोटी फिरकीने गाजावी, हा योगायोग म्हणायचा. त्यानंतर मोठे सामने मोहालीत होऊ लागले.

चंदीगडला स्वतःचा संघ मिळायला ऑगस्ट २०१९ उजाडावे लागले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्या महिन्यात केंद्रशासित प्रदेशाच्या संघटनेला संलग्नता दिली आणि २०१९-२० च्या मोसमात चंदीगडचा संघ प्रथमच रणजी करंडकात उतरला. सेक्टरांमधील मुलांना हरियाणा की पंजाब असा कौल घेण्याची गरज उरली नाही.

या नव्या संघातून खेळणारा राज अंगद बावा हा आणखी एका घराण्याचा वारस आहे. त्याचे आजोबा तरलोचनसिंग बावा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते. वडील सुखविंदर बावा क्रिकेट प्रशिक्षक आहेत आणि तरुण वयातील युवराजने त्यांच्याकडेही धडे घेतले होते. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी अँटिगा येथे १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात राजने इंग्लंडचे ५ गडी ३१ धावांत बाद केले, फलंदाजीत ३५ धावांची भर घातली आणि तो सामनावीर ठरला. त्या संघात तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर होता आणि मुख्य प्रशिक्षक होते पुण्याचे हृषीकेश कानिटकर. महाराष्ट्राचे यष्टिरक्षक व कसोटीपटू हेमंत कानिटकर हे त्यांचे वडील.

राज उजव्या हाताने गोलंदाजी करतो, फलंदाजी मात्र डाव्या हाताने. वडिलांकडे सरावाला येणाऱ्या युवराजला पाहून लहानपणीच त्याने ही सवय लावून घेतली. त्याच्या पाठीवरील क्रमांकही युवराजचाच, १२.